पहिलीच्या वर्गाची कडी लावू नका

प्रति,
मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळांत पहिलीचा वर्ग घेणारे सगळे गुरुजी आणि मॅडम,
केंद्रप्रमुख साहेब, गटशिक्षणाधिकारी साहेब,
आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी बावीस वर्षांपासून अंगणवाडी सेविका आहे. गाव बीड जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं. आमची अंगणवाडी शाळेच्याच आवारात भरते. माझ्या दारातून निघून पहिलीच्या वर्गाच्या दारात पोचायला मोठ्या माणसाची चाळीस पावलं लागतात. मध्ये एक हातपंप आणि एक लिंबाचं झाड. दर जूनमध्ये माझी लेकरं तेवढं अंतर चालून तुमच्याकडं येतात आणि पुढचे आठ-दहा दिवस त्यांचं रडणं मला माझ्या खोलीत बसून ऐकावं लागतं. उठून जाता येत नाही. गेलं तर "ताई, तुम्ही आलात की ते जास्तच रडतं" असं ऐकायला मिळतं.

मागच्या वर्षी शाळा सुरू होऊन तीन दिवस झाले होते. मी हातपंपावर घागर भरत होते. पहिलीच्या वर्गाचं दार आतून बंद होतं, कारण पोरं पळून जातात. खिडकीत एक लेकरू उभं होतं, दोन्ही मुठींत गज धरून. तीन वर्षं माझ्याकडं आलेलं लेकरू. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. मला बघितल्यावर ते रडलं नाही. हळूच म्हणालं, "ताई, मला परत घ्या ना. मी आता कुणाला नाही मारणार."

उन्हाळ्याच्या आधी त्यानं एका पोरीला ढकललं होतं आणि मी त्याला रागावले होते. त्या चुकीपायी मी त्याला अंगणवाडीतून काढून टाकलं, असं ते समजून बसलं होतं. सहा वर्षांचं लेकरू मनात हे घेऊन तीन दिवस खिडकीशी उभं राहिलं, आणि तू का रडतोस हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. "आता तू मोठा झालास, पहिलीत जायचं" एवढंच मी सांगितलं होतं. आता इथं परत यायचं नाही, आणि ते शिक्षा म्हणून नाही, हे त्याला समजेल असं सांगायचं माझ्याकडून राहिलं. ती माझी चूक, आणि त्या दिवसापासून हे पत्र माझ्या डोक्यात आहे.

मागणं आधीच सांगते. जूनमध्ये शाळा उघडली की पहिले दोन आठवडे पहिलीच्या वर्गाची कडी लावू नका, आणि लेकराला ओळखणारं एक माणूस त्या वर्गात बसू द्या. आई असेल, आजी असेल, कुणीच नसेल तर मी.

कडी का लावावी लागते ते मला ठाऊक आहे. आपल्याकडं दोनशिक्षकी शाळा कितीतरी आहेत. एकाच गुरुजींकडं पहिली आणि दुसरी, कधी तिसरीही. त्यात जूनमध्ये आधार जुळवा, ऑनलाइन नावं भरा, पुस्तकांचा हिशेब द्या. तुम्हाला जसं शाळेची माहिती ऑनलाइन भरायचं यू-डायस तसं आम्हाला लेकरांच्या पोषणाच्या नोंदी भरायचं पोषण ट्रॅकर, त्यामुळं मोबाइलमध्ये मान घालून बसल्याशिवाय दिवस सरत नाही हे मला कुणी सांगायला नको. अशा वेळी एक लेकरू दारातून निसटलं आणि रस्त्यावर ट्रॅक्टरखाली आलं तर जबाबदार कोण, ही तुमची भीती खरी आहे. पण पळणारं लेकरू कुठं पळतं ते एकदा बघा. ते शाळेतून कुठं तरी पळत नाही, ओळखीच्या माणसाकडं पळतं. ते माणूस वर्गातच बसलेलं असलं तर पळायचं कशाला? मागच्या वर्षी चौथ्या दिवशी तुमच्यातल्याच एका मॅडमनी दार उघडं ठेवलं आणि त्या पोराच्या आजीला सतरंजीवर बसवलं. आजी दोन दिवस बसली, वाती वळत. तिसऱ्या दिवशी पोरानंच तिला सांगितलं, "तू जा आता, मला चित्र काढायचंय."

हे लाड नाहीत. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षं वयाची लेकरं एकाच टप्प्यात धरलीत. म्हणजे माझी अंगणवाडी आणि तुमची पहिली-दुसरी हा कागदावर एकच पाया आहे. त्याच धोरणात पहिलीच्या सुरुवातीला तीन महिने खेळातून शाळेची तयारी करून घ्यायला सांगितलंय. सरकारनं तीन महिने दिलेत, मी त्यातले दोन आठवडे मागते आहे. आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मारण्यासोबत मानसिक त्रासालाही मनाई आहे. कडी म्हणजे छडी नव्हे, मान्य. पण बंद दाराआड आवाज बसेपर्यंत रडलेल्या लेकराला हा फरक कळत नाही.

आता हुकाची गोष्ट सांगते, कारण अशा गोष्टी कुठल्याच अहवालात येत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी एका पोराच्या पोटात रोज सकाळी दुखायला लागलं. शाळेची वेळ झाली की पोट धरून बसायचं, दुपारी घरी नीट खेळायचं, रविवारी दुखायचंच नाही. बाप म्हणाला, नाटकं करतंय. आईनं जंताचं औषध पाजलं. शेवटी ती त्याला घेऊन माझ्याकडं आली. मी त्याला मांडीवर घेतलं, मुरमुरे दिले, काही विचारलं नाही. बऱ्याच वेळानं ते माझ्या कानाशी आलं आणि म्हणालं, "हूक निघत नाही."

घरी ते इलॅस्टिकची चड्डी घालायचं. शाळेच्या गणवेशाच्या पॅन्टला वर हूक, खाली चेन. पहिल्याच आठवड्यात ते विचारून, हात वर करून, रीतीनं बाहेर गेलं होतं. हूक निघाला नाही. ओली पॅन्ट घेऊन परत वर्गात आलं. चार पोरं हसली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पोरं हसतातच. पण त्या दिवसापासून त्यानं शाळेत पाणी प्यायचं सोडलं होतं, आणि सकाळी पोट दुखायचं ते या भीतीनं. आईनं त्याच रात्री हूक काढून दहा रुपयांचं इलॅस्टिक ओवलं. दोन दिवसांत दुखणं गेलं.

समितीच्या सदस्यांना म्हणून सांगते, पहिलीच्या लेकरांचे गणवेश घ्याल तेव्हा इलॅस्टिक बघून घ्या. आणि पहिल्या दिवशी, पुस्तकं वाटायच्या आधी, प्रत्येक लेकराचा हात धरून त्याला संडास-मुतारी दाखवा. नुसतं बोट करून नाही, आत नेऊन. दार कसं लावायचं, पाणी कुठून घ्यायचं, आत अंधार असला तर काय करायचं. कुलूप असेल तर किल्ली कुणाकडं आहे तेही. शाळेत "एकीला जाऊ का" म्हणायचं असतं हे त्या लेकराला कुठून माहीत असणार? घरी असं कुणी बोलत नाही. ते घरच्या शब्दात विचारील. तो शब्द ऐकून हसू नका आणि त्या दिवशी तरी दुरुस्त करू नका.

शब्दाचं निघालं म्हणून. माझे सासरे निजामाच्या राज्यात शाळेत गेले. घरी मराठी, आणि शाळेत मास्तर उर्दूत बोलायचे. ते सांगायचे, पहिल्या दिवशी मास्तर काही तरी म्हणाले, सगळी पोरं उठून उभी राहिली, मी बसूनच राहिलो आणि मार खाल्ला. मास्तर काय म्हणाले होते ते त्यांना पुढं सहा महिन्यांनी कळलं. ऐंशी वर्षांचे झाले तरी ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. १९४८ च्या सप्टेंबरात मराठवाडा मुक्त झाला, शाळा मराठी झाल्या. पण आमच्या गावाला लागून बंजारा समाजाचा तांडा आहे. तिथलं लेकरू घरी गोरमाटी बोलतं, आईला याडी म्हणतं. त्याच्यासाठी पहिलीचा वर्ग आजही तसाच परका आहे, जसा माझ्या सासऱ्यांना होता. आणि तांड्याचंच कशाला? बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या मॅडम "काय करतोयस?" म्हणतात. आमच्या लेकराच्या कानाला "काय करायलास?" ची सवय. लेकराला अर्थ कळतो, पण समोरचं माणूस आपल्यातलं नाही हेही त्याच वेळी कळतं. पहिले काही दिवस तुम्ही "कामून रडायलंय माझं सोनं?" असं विचारून बघा. पुस्तकातली मराठी पुढं वर्षभर शिकवायचीच आहे. तांड्याच्या लेकरासाठी गोरमाटीतले दहा शब्द पाठ करा. ये, बस, पाणी, भूक, दुखतं का, घरी जायचं का. तांड्यातली कुठलीही आई ते अर्ध्या तासात सांगेल, आणि शाळेनं आपल्याला विचारलं याचा तिला केवढा आनंद होईल.

तसंच नावाचं. हजेरीत तुम्ही लेकराचं नाव, बापाचं नाव, आडनाव असं पुकारता. लेकरानं ते नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलेलं असतं. घरी ते बाळ्या, चिमे, दादू, बारक्या. मी एका पोरीला बघितलंय, तिचं नाव तीनदा पुकारलं गेलं आणि ती इकडंतिकडं बघत होती, कोण ही पोरगी, उत्तर का देत नाही म्हणून. शेजारणीनं कोपरानं ढोसल्यावर तिला कळलं. हजेरीपटावर लागलेलं नाव साधं नसतं, माझी स्वतःची जन्मतारीख १ जून अशीच गुरुजींच्या हातून कागदावर आली आणि जन्मभर तीच राहिली. पण पहिले पंधरा दिवस आधी घरचं नाव घ्या, मग कागदावरचं. "चिमी कोण? तू का? मग तुझं मोठं नाव ऐक." एवढं केलं तरी पुरे.

प्रवेशोत्सवाबद्दलही बोलते, राग मानू नका. हलगी, ढोल, फुगे, सजवलेली बैलगाडी, सरपंचांचं भाषण, पावलांचे रंगीत ठसे, गुलाबाचं फूल, गोडाचं जेवण. गावाला आनंद होतो, माझ्याही डोळ्यांत पाणी येतं. पण ज्याच्यासाठी हे सगळं, ते लेकरू कानावर हात ठेवून आईच्या पदरात शिरलेलं असतं. एक आठवडा थांबून उत्सव करा. तोवर लेकराला वर्ग कळलेला असेल आणि मग ते ठसेही हसत देईल. फोटोही चांगले येतील.

२०२२ पासून आपण दोघं मिळून "पहिले पाऊल" चे शाळापूर्व तयारी मेळावे घेतो. सात टेबलं मांडतो. लेकरू उड्या मारतं का, रंग ओळखतं का, वस्तू मोजतं का, हे विकासपत्रावर लिहितो. आयांना कार्डं देतो, उन्हाळाभर त्या घरी लेकरांकडून करून घेतात. चांगलं काम आहे, मी मनापासून करते. पण लेकराला काय येतं हे लिहिताना ते कशाला भितं हे लिहायचा रकाना मला कुठं सापडला नाही. एकच लेकरू दोन दारांतून जातं आणि मधल्या चाळीस पावलांत खातं बदलतं. माझं महिला व बालविकास, तुमचं शिक्षण. वजन-उंचीचा कागद पुढं जातो, दाखला जातो. ते लेकरू झोप आली की कान ओढतं, ही माहिती माझ्याजवळच राहते. दोन्ही खाती जिल्हा परिषदेच्याच इमारतीत आहेत. एका पत्रानं हे सुटेल. गटशिक्षणाधिकारी साहेबांनी आमच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना लिहावं, की जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिले दोन आठवडे सेविकेनं रोज तासभर पहिलीच्या वर्गात बसावं. तेवढा वेळ अंगणवाडी मदतनीस सांभाळते.

झोपेचं तर मुद्दाम बोलायला हवं. ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण होणारं लेकरू पहिलीत बसतं. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं लेकरू जूनमध्ये साडेपाच वर्षांचं असतं आणि त्याच्या शेजारी जवळजवळ साडेसहा वर्षांचं. त्या वयात हा एका वर्षाचा फरक फार मोठा असतो. माझ्याकडं दुपारी जेवलं की लेकरू घरी जाऊन झोपायचं. तुमच्याकडं ते चारच्या पुढंपर्यंत बसतं. अडीच वाजता त्याची मान लवंडली तर त्याला उठवून उभं करू नका, दप्तर डोक्याखाली घाला.

आता दोन शब्द आई-बापांशी, कारण समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात आणि त्यांत निम्म्या बाया. तीन वर्षांचं लेकरू जेवलं नाही की आपण म्हणतो, "थांब, गुरुजीला सांगते." पाच वर्षांचं ऐकत नाही तर म्हणतो, "शाळेत टाकल्यावर कळंल तुला." गुरुजी हा शब्द लेकरानं आधी धमकीतच ऐकलेला असतो, आणि मग जूनमध्ये आपण त्याला त्याच गुरुजींच्या ताब्यात देतो. हे आजच बंद करा. आणि सोडून येताना लेकराची नजर चुकवून पळू नका. मृगाचा पाऊस झालेला असतो, पेरणीची घाई असते, वावरात जायचं असतं, सगळं खरं. तरी सांगून जा. साडेचारला येते म्हणू नका, त्याला घड्याळ कळत नाही. "खिचडी खाल्ली, मग गाणी झाली, मग दुपारची एसटी वाजली, की मी फाटकात उभी" असं सांगा. आणि एसटी वाजल्यावर खरोखर फाटकात उभ्या राहा. एक दिवस चुकलं तर पुढचे चार दिवस लेकरू तुमचा शब्द धरत नाही.

आमच्या भागाचं एक दुखणं वेगळं आहे, ऊसतोडीचं. दसरा झाला की मजुरांना नेणाऱ्या मुकादमाची गाडी येते. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, ठरलेला असतो. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, जिथं कारखाना असेल तिथं. पहिलीतलं लेकरू जूनमध्ये रडून, जुलैत रुळून, ऑगस्टमध्ये गाणी म्हणायला लागलेलं असतं. मग एका पहाटे ते उसाच्या फडावर जातं, नाहीतर आई-बाप जातात आणि ते आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतं. दोन्हीकडून त्याचा पहिला दिवस पुन्हा सुरू होतो. मागं राहिलेलं लेकरू नोव्हेंबरात जूनसारखं रडतं आणि आपण म्हणतो, आता कामून रडतंय, आता तर जुनं झालं! फडावरून मार्चमध्ये परतलेलं लेकरू शेवटच्या रांगेत बसतं, धडा कुठवर गेला ते त्याला कळत नाही. त्याला सगळ्यांसमोर "आलास का फिरून?" म्हणू नका. ते फिरायला गेलं नव्हतं. उसाचं पाचट गोळा करत होतं, कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळत होतं. जूनमधले जे दोन आठवडे मी मागतेय तेच या लेकरांना नोव्हेंबरात आणि मार्चमध्ये द्या. वसतिगृहातल्या लेकराला आठवड्यातून एकदा शाळेच्या फोनवरून आईचा आवाज ऐकवा. फडावर मोबाइल असतोच, संध्याकाळी गाडी भरून झाली की आई उचलते.

यंदा माझ्याकडून अकरा लेकरं तुमच्याकडं येणार आहेत. मी शंभर पानी वही घेतलीय. प्रत्येक लेकराला दोन पानं. घरचं नाव, घरची भाषा, कुणाजवळ झोपतं, कुणी आणायला येणार, दसऱ्यानंतर कुठं असणार. एका पानावर लिहिलंय, "हलगीला भितो, त्याच्या आजोबांच्या मयतीत वाजली होती." दुसऱ्यावर, "भात खात नाही, भाकर कुस्करून दिली तर खाते." एकावर, "उजवा कान कमी ऐकतो, पुढं डावीकडं नको, उजव्या भिंतीला बसवा." एकावर नुसतं, "काही बोलत नाही. हात धरला की चालतो."

शाळा उघडेल त्या दिवशी नऊ वाजता ही वही घेऊन मी पहिलीच्या वर्गापाशी येते. बसायला सतरंजीचा एक कोपरा द्या. आणि तो खिडकीतला पोरगा आता दुसरीत गेलाय, त्याला मी सांगून ठेवलंय, नवी लेकरं आली की त्यांना मुतारी तू दाखवायची. तो रोज विचारतो, शाळा कधी उघडणार?

आपली,
एक अंगणवाडी सेविका
जिल्हा बीड